नव्या बदलीच्या गावी

माझे पती श्रीनिवास. घरात मी त्यांना आयुष्यभर ‘अहो’च म्हणत आले, लिहिताना मात्र नाव घेते आहे, कारण ते नाव हल्ली त्यांना स्वतःलाही उशिरा ऐकू येतं. कुणी हाक मारली, की ते आधी इकडेतिकडे पाहतात, या नावाचा दुसरा कुणी माणूस खोलीत आहे का म्हणून.

ते पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालव्यांचे, बंधाऱ्यांचे, शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्यांचे नकाशे काढण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या बोटांना काळ्या शाईचा वास येत असे, आणि मला तो अत्तरासारखा वाटे. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवलं, कविता शिकवल्या. त्यांचं आयुष्य नकाशाच्या रेषांवर गेलं आणि माझं कवितेच्या ओळींवर, असं आम्ही हसून म्हणत असू.

त्यांना स्मृतिभ्रंश झाला त्याला आता सहा वर्षं होतील. आजाराबद्दल जे कळायला हवं ते तुम्हाला डॉक्टर सांगतील. मी लिहिते आहे ती या आजारात घराचं दार कसं हळूहळू आतून बंद होत जातं त्याबद्दल. आमचं दार कुणी बाहेरून लावलं नव्हतं. कडी मीच घातली होती.

*

निदानाच्या दिवशी रुग्णालयाच्या खिडकीतून द्वारका चौकातल्या वाहनांचा गलबला आत येत होता. डॉक्टर तरुण होत्या, मृदू बोलणाऱ्या.

“काका, आज वार कोणता?”

श्रीनिवास माझ्याकडे वळले आणि हसले. “वार, तिथी हे सगळं हिच्या खात्यात येतं. माझ्याकडे फक्त नकाशे.”

डॉक्टरही हसल्या. “बरं. महिना कोणता चालू आहे?”

पुन्हा मान माझ्याकडे वळली. “सांग की गं.”

“आणि आत्ता ऋतू कोणता?”

या वेळी विनोद आला नाही. मान तेवढी वळली. डोळ्यांत एक आर्जव होतं. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत मी ते हजारदा पाहिलं होतं आणि दर वेळी खुणेने तिला मदत केली होती. त्या दिवशी मला मान खाली घालावी लागली.

डॉक्टरांनी कागदावर काही टिपलं. त्यांनी नुसती उत्तरं टिपली नव्हती, हे मला पुढे कळलं. प्रत्येक प्रश्नाला ते माझ्याकडे वळतात, हे त्यांनी टिपलं होतं. ज्या वळण्याला मी इतकी वर्षं प्रेम समजत आले होते, त्याची नोंद आता लक्षणांत झाली.

बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. त्यात आलं जरा जास्त झालं होतं. “झणका आहे,” श्रीनिवास म्हणाले. घोटभर पिऊन पुन्हा तेच म्हणाले, तितक्याच नवलाने. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी ग्लास तोंडाला लावून ठेवला, म्हणजे माझा चेहरा त्यांना दिसू नये.

*

दर तीन महिन्यांनी त्या रुग्णालयाच्या बाकावर आम्ही बसतो. फिनेलचा वास, टोकनचे आकडे, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास. त्या बाकाचे माझ्यावर उपकार आहेत. तिथे कुणी नजर चुकवत नाही. एकदा येवल्याहून आलेली एक बाई शेजारी होती. तिचे सासरे एके काळी पैठणी विणायचे. ते तिच्या पदराचा काठ चिमटीत धरून बसले होते, बसच्या प्रवासातही तसेच धरून आले होते.

“तुमचे चिडतात का हो?” तिने मला विचारलं.

“चिडतात.”

“आमचे रडतात.” मग सासऱ्यांकडे पाहून, “चिडलेलं बरं. रडले की माझा स्वयंपाक नीट होत नाही.”

आम्ही दोघी हसलो. कितीतरी दिवसांनी मी कुणाबरोबर तरी हसले होते. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

*

पहिल्या वर्षी माणसं येत होती. येणारा प्रत्येक जण दारातूनच परीक्षा सुरू करी. “काय काका, ओळखलंत का मला? सांगा बघू मी कोण!” आपल्याकडे ही प्रेमाची रीत आहे, आपण लहान मुलांनाही असंच विचारतो. श्रीनिवास सभ्य माणूस. ते ओशाळं हसत, “हो हो, ओळखलं तर,” म्हणत, आणि पाहुणा गेल्यावर तासभर बोटं चोळत बसत. “ते कोण होते गं? मी काही चुकीचं बोललो का?”

मग मी त्यांची वाक्यं पुरी करू लागले. पुढे त्यांच्या वतीने बोलू लागले. त्यापुढे फोन आला की “झोपलेत” म्हणू लागले. लग्नाची, मुंजीची, बारशाची आमंत्रणं आली की मी कळवू लागले, “प्रवास झेपत नाही.” गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत जिन्यात कुणी भेटलं तर मी पिशवी चाचपत घाईघाईने किल्ली शोधू लागे. मी त्यांची अब्रू राखते आहे, अशी माझी समजूत होती. मुलगा बंगळुरूला. तो म्हणे, “आई, तू एकटीने हे किती दिवस करणार? बाबांना चांगल्या केंद्रात ठेवू.” मी म्हणे, “मी एकटी कुठे आहे, ते आहेत ना.” हे उत्तर मला तेव्हा फार सुंदर वाटलं होतं. एखादं वाक्य सुंदर आहे म्हणून ते खरं असतं असं नाही, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवत आले होते.

एकच माणूस परीक्षा घेत नसे. निवृत्तीभाऊ.

निवृत्तीभाऊ मखमलाबादचे. शेवंती, झेंडू, थोडी भाजी. तरुणपणी श्रीनिवास डाव्या कालव्याच्या मोजणीला त्यांच्या शेतावर गेले, तेव्हा कालवा आपली विहीर खाणार या भीतीने निवृत्तीभाऊंनी मोजणीची साखळी पायाखाली दाबून धरली होती. भांडण दुपारपर्यंत चाललं. शेवटी त्यांची बायको हिराबाई भाकरी-ठेचा घेऊन मध्ये उभी राहिली: “आधी जेवा, मग एकमेकाला मारा.” त्या भाकरीपासून पस्तीस-छत्तीस वर्षं दर रविवारी फुलबाजारातून परतताना निवृत्तीभाऊ आमच्याकडे चहाला येत. श्रीनिवास त्यांना नुसतं ‘निवृत्ती’ म्हणत, आणि ते श्रीनिवासांना ‘सायेब’. त्यात निम्मा मान आणि निम्मी चेष्टा. आजारानंतर ते दारातच सांगत, “सायेब, मी निवृत्ती. मखमलाबादचा.” जणू ही रोजचीच रीत.

अशाच एका रविवारी श्रीनिवास उठून उभे राहिले आणि बोट रोखून म्हणाले, “माझी कंपासपेटी याने नेली. हा चोर आहे. याला घरात का घेतेस?”

ती पितळी कंपासपेटी त्यांना पहिल्या नोकरीत मिळालेली. निवृत्तीभाऊ चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “शोधून पाहू, सायेब.” श्रीनिवासांनी त्यांच्या छातीवर हात मारला. जिन्यात समोरचं दार उघडलं होतं. लोक पाहत होते.

खाली फाटकापर्यंत मी त्यांना सोडायला गेले आणि म्हणाले, “भाऊ, थोडे दिवस नका येऊ.”

त्यांनी टोपी सारखी केली. “बरं वहिनी,” एवढंच म्हणाले.

चार दिवसांनी पेटी तांदळाच्या डब्यात सापडली. मी तांदूळ झटकून ती कपाटात ठेवली. सापडली, हे निवृत्तीभाऊंना मी कळवलं नाही. आज कळवू, उद्या कळवू. थोड्या दिवसांचे महिने झाले, महिन्यांचं वर्ष झालं.

*

श्रावणात निवृत्तीभाऊंच्या मुलाचा फोन आला. “काकू, आई गेली.”

मी म्हणाले, “येते.” आणि गेले नाही.

ही गोष्ट ज्यांना लहान वाटेल त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. आपल्याकडे लग्नाला न गेलेला माणूस माफ होतो; मयताच्या घरी भेटायला न गेलेला होत नाही. पहिले दहा दिवस हे माणसाने माणसाच्या दाराशी जाऊन बसायचे दिवस. मी रोज ठरवत होते. दहाव्याचा विधी रामकुंडावर होता, आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. श्रीनिवासांना पांढरा सदरा घातला. ते बूट घालू देईनात. मी दोनदा प्रयत्न केला आणि मग त्यांच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले.

खोटं लिहिणार नाही. बूट हे निमित्त होतं. नदीकाठी जमलेल्या चारशे माणसांत ते त्या दुःखी माणसाला पुन्हा चोर म्हणाले तर, ही भीती खरी होती. हिराबाई गेल्या, हे श्रीनिवासांना मी सांगितलंही नाही. विसरतीलच, मग सांगायचं कशाला, असा हिशोब मी केला.

दहा दिवस टळले की अकरावा सोपा नसतो. तेराव्यानंतर तर तोंडच उरत नाही.

*

मार्गशीर्षातली एक दुपार. खिडकीतून ऊन कलतं आत आलं होतं. मी मटार सोलत होते. घरात तेवढाच आवाज, शेंग फुटल्याचा. श्रीनिवास बराच वेळ बाहेर पाहत होते. मग अगदी स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात त्यांनी विचारलं, “आपली बदली झाली का गं?”

“का हो?”

“कुणीच येत नाही. या गावात आपलं ओळखीचं कुणी दिसत नाही.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

ते उठून माझ्याजवळ आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “रडू नकोस. नव्या बदलीच्या गावी असंच असतं. येवल्याला आठवतं ना? पहिल्या महिन्यात शेजारच्या मागांची ठकठक ऐकून तू अशीच रडायचीस. मग झाल्या ना ओळखी? इथेही होतील. हळूहळू होतील.”

मी त्यांच्या अब्रूसाठी जे घर राखलं होतं, ते त्यांच्या लेखी एक परकं गाव झालं होतं. त्या गावात ते माझ्याचसाठी राहिले होते, मला धीर देत. ज्याच्याशी शेवटची खरी ओळख उरली होती त्याला मीच फाटकातून परत पाठवलं होतं. आणि श्रीनिवासांकडे वेळ किती उरला आहे, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट न घालता, चपलांवरच, मी त्यांना रिक्षात बसवलं.

*

कालव्याच्या पुलापाशी हवेला ओल्या मातीचा आणि शेवंतीचा कडवट वास येऊ लागला. श्रीनिवास सरळ होऊन बसले.

निवृत्तीभाऊ ओट्यावर करंडीत फुलं भरत होते. त्यांनी मान वर केली, आम्हाला पाहिलं, आणि पुन्हा फुलांत हात घातला.

“रस्ता सापडला म्हणायचा, वहिनी.”

मी ओट्याच्या पायरीशी चपला काढल्या.

“पोरानं फोन केला व्हता ना? का लागला नव्हता?”

“लागला होता.”

“मंग?”

त्यांची सून सविता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. “नाना, आधी पाणी तर पिऊ द्या त्यांना.”

“पिऊ दे की. पान्याला कोन नाय म्हनतं.”

श्रीनिवास या सगळ्यातून चालत जाऊन त्यांच्याशेजारी पोत्यावर बसले होते, नेहमीच्या जागी बसावं तसे. त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं. “वहिनी कुठे आहेत? चहा टाकायला सांगा.”

सविता जागच्या जागी थांबली. “अहो,” मी पुढे झाले. निवृत्तीभाऊंनी हात वर करून मला अडवलं.

“सायेब, ती गेली. श्रावणात गेली.”

श्रीनिवासांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटत गेलं, जसा कागदावर पाण्याचा डाग पसरतो. मग ते रडले. तोंड उघडं टाकून, खांदे हलवत, पहिल्या दिवशी रडतात तसे. “मला कुणी कळवलं नाही,” ते म्हणाले. “निवृत्ती, मला कुणीच कळवलं नाही रे!”

दीड वर्षात ते नाव पहिल्यांदा त्यांच्या तोंडी आलं होतं. निवृत्तीभाऊंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मागचा आरोप खोटा होता. हा खरा होता आणि तो माझ्यावर होता.

सविताने चहा आणला. श्रीनिवासांनी डोळे पुसले, चहा प्यायले, करंडीतलं एक फूल उचलून हुंगलं. मग दाराकडे पाहून सहज म्हणाले, “वहिनी दिसत नाहीत आज?”

निवृत्तीभाऊ बराच वेळ शेताकडे पाहत राहिले.

“वावरात गेली,” ते म्हणाले. “शेवंती तोडती. ऊन चढायच्या आत झाली पायजे ना तिला.”

“चपला घालत नाहीत त्या. काटा मोडेल.”

“लय सांगितलं, सायेब. ऐकती का कोनाचं?” आणि ते हसले.

सविताने मला आत ओढलं. चुलीपाशी तिचे डोळे भरून आले. “काकू, नाना चार महिन्यांनी हसले. घरात आम्ही आईंचं नावच नाय काढत. पाहुणे बी नाय काढत. त्यांना तरास होईल म्हणून.”

बाहेर येऊन मी धीर केला. “भाऊ, ती पेटी सापडली होती. तांदळाच्या डब्यात. चौथ्याच दिवशी.”

“सापडनारच,” ते म्हणाले. “मी नेली नव्हती ना.” एक फूल करंडीत टाकून म्हणाले, “पन तुम्ही सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.”

निघताना श्रीनिवास वळून म्हणाले, “येतो बरं का!” मी दचकले. भेटायला गेलेल्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. मुकाट्याने उठून जायचं असतं.

निवृत्तीभाऊ ओट्यावरून उतरून खाली आले. “या,” म्हणाले. “गुरुवारी या. गुरुवारी फुलांचा तोडा नसतो.”

*

त्यानंतर आमचे गुरुवार सुरू झाले. निवृत्तीभाऊ दर वेळी सांगत, “मी निवृत्ती. मखमलाबादचा.” श्रीनिवास पोत्यावर फुलं मांडत बसत, समान अंतरावर, सरळ ओळीत. “सायबानं कालवा आखला बघा,” निवृत्तीभाऊ म्हणत, “आता हितून पानी सोडा.” आणि एकदा तरी तो प्रश्न येई: वहिनी कुठे आहेत? हिराबाई कधी विहिरीवर असत, कधी माहेरी, कधी बाजारात झेंडूचा भाव पाडला म्हणून व्यापाऱ्याशी भांडायला गेलेल्या. दर गुरुवारी त्या एका नव्या ठिकाणी जिवंत असत. मी मात्र विहिरीच्या काठावर तासभर एकटी बसे. त्या तासात मला कुणी हाक मारत नसे. पाण्याचा, शेवाळाचा वास घेत मी नुसती श्वास घेई.

घरीही मी समोरच्या लीनाताईंना सगळं खरं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “मला वाटत होतं, तुम्हालाच कुणी नकोय.” आता त्या मंगळवारी आपली मेथी निवडायला आमच्याकडे घेऊन येतात.

ज्यांच्याकडे हे दुखणं नुकतंच आलं आहे, त्यांना माझं सांगणं इतकंच, की एका तरी माणसाला खरं सांगा. माणूस चुकेल, ओरडेल, कुणाला चोर म्हणेल. तरी त्याला माणसांत राहू द्या. आणि जे भेटायला जाणार असतील, त्यांनी ‘ओळखलं का’ विचारू नये. स्वतःचं नाव सांगावं आणि शेजारी बसावं.

हे सांगूनही आजार थांबत नाही. माघ-फाल्गुनात श्रीनिवासांचे शब्द गळू लागले. चैत्रातल्या एका गुरुवारी आम्ही गेलो. मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यात ठेवल्या होत्या. सगळा ओटा गंधाने भरलेला. श्रीनिवास बसले. कळ्यांना हात लावला नाही. चहा झाला. निवृत्तीभाऊ पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे पाहत होते. मला कळलं, ते वाट पाहत आहेत.

“सायेब,” शेवटी ते म्हणाले, “आज काय इचारलं नाय?”

श्रीनिवास त्यांच्याकडे पाहून सभ्यपणे हसले, अनोळखी माणसाकडे हसावं तसे.

निवृत्तीभाऊंनी मान खाली घातली. त्यांच्या दोन्ही तळव्यांत कळ्या होत्या आणि त्यांचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. मग मी विचारलं, “निवृत्तीभाऊ, हिरावहिनी कुठे आहेत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेताकडे पाहिलं. विहिरीकडे पाहिलं.

“गेली, वहिनी,” ते म्हणाले.

आणि मग त्यांनी मला सांगितलं. त्या दिवशी ती किती वाजता उठली, चहा किती गोड झाला होता, छातीत दुखतंय हे तिने आधी सुनेला सांगितलं आणि त्यांना का नाही, गाडी कुठे थांबली, तिने शेवटचं काय मागितलं. काही न गाळता, पहिल्यापासून, भेटायला आलेल्या माणसाला सांगतात तसं.